आठ महिने एचपी५ आणि डिजिटल शेजारी-शेजारी वापरून

गेले आठ महिने खांद्याला दोन कॅमेरे आहेत. एकात इलफर्ड कंपनीची एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म, दुसरा साधा रंगीत सेन्सरचा डिजिटल, रॉमध्ये (म्हणजे सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल). दोन्हींवर फक्त कृष्णधवल.

पहिले दोन महिने वायाच गेले म्हणायचे, कारण दोन्हींना एकच एक्स्पोजर (आत सोडलेला उजेड) देत होतो. फिल्मवर सावल्या कोऱ्या राहायच्या, डिजिटलवर उन्हातला पांढरा सदरा सपाट पांढरा व्हायचा. सेन्सर एकदा भरला की त्यापुढचा उजेड त्याच्या लेखी नसतोच. फिल्म मात्र वरच्या टोकाला हळूहळू दमते, त्यामुळे जास्त उजेडातही सदऱ्याच्या चुण्या निगेटिव्हमध्ये सापडतात. आता फिल्मसाठी सावली मोजतो, डिजिटलसाठी सगळ्यात उजळ जागा. इतक्या बदलानेच निम्म्या तक्रारी मिटल्या. अर्थात फिल्मलाही मर्यादा आहेच: एकदा डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) २४ अंशांवर गेला आणि मी वेळ २० अंशांचीच ठेवली. सगळा रोल इतका दाट झाला की आकाशातून काही काढता आलं नाही.

फिल्टरच्या बाबतीत डिजिटल सरळ पुढे आहे. आकाश गडद करायला भिंगावर लावलेला लाल फिल्टर साधारण तीन स्टॉप उजेड खातो (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे ४०० संवेदनशीलतेची (आयएसओ) फिल्म हातात ५० ची होते. शिवाय चेहऱ्यावर ओठ फिके पडतात, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. डिजिटलमध्ये कोणता रंग किती गडद दिसावा हा निर्णय घरी बसून घेता येतो. फक्त निळा फार खाली ओढू नका, आकाशात खरखर उठते.

ग्रेनबद्दल, म्हणजे चित्रातल्या दाणेदारपणाबद्दल, थोडंच लिहितो. सॉफ्टवेअरचा ग्रेन चित्रावर पसरलेला वाटतो. फिल्मवर चित्रच चांदीच्या कणांचं असतं. मोठ्या प्रिंटवर मला हा फरक दिसतो आणि तो मला प्रिय आहे.

स्कॅनिंगने मात्र खूप छळलं. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळ-सफाई कृष्णधवल चांदीच्या फिल्मवर चालत नाही, कारण चांदी इन्फ्रारेडही अडवते आणि स्कॅनर चित्रालाच धूळ समजतो. हे कळेपर्यंत चार रोलचे बारकावे पुसले गेले होते. आता ब्लोअर, मऊ ब्रश आणि उरलेले ठिपके एकेक करून हाताने.

अंधार पडल्यावर फिल्म बॅगेत जाते. एचपी५ १६०० ला पुश करून (१६०० ची समजून कमी उजेडात वापरून, मग जास्त वेळ डेव्हलप करून) पाहिली. चमक सुंदर येते, पण सावलीतले डोळे हरवतात, आणि माणसांच्या फोटोत मला डोळे हवेच असतात.