चेरोकीचा ४.६ स्ट्रोकर, एक उन्हाळा आणि एक हिवाळा वापरून: पैसे कुठेही वाचवा, डेकवर नको

९५ ची जीप चेरोकी (मॉडेल एक्सजे), पाच गिअरवाली, ४.० लिटरच्या ब्लॉकमध्ये २५८ क्युबिक इंचवाल्या जुन्या जीप इंजिनचा क्रँक, त्याने पिस्टनचा प्रवास म्हणजे स्ट्रोक वाढतो, म्हणून याला स्ट्रोकर म्हणतात. रेसिपी बहुतेक जीपवाल्यांना पाठ आहे त्यामुळे परत पहिल्यापासून सांगत बसत नाही. फिनिक्समध्ये अख्खा उन्हाळा आणि नंतरचा हिवाळा ही गाडी रोज ऑफिसला नेली, वीकेंडला डोंगरात नेली, मग लिहायला बसलोय. हॉर्सपॉवर किती ते विचारू नका, डायनोला (पॉवर मोजायच्या मशीनला) द्यायचे पैसे मी टायरला दिले. मला सांगायचंय ते क्वेंचबद्दल, म्हणजे पिस्टन टॉपला आल्यावर त्याच्या आणि हेडच्या मध्ये उरणाऱ्या फटीबद्दल, कारण या स्वस्तातल्या बिल्डमध्ये सगळे क्रँक, इंजेक्टर, कॅम यावर बोलतात आणि जिथे खरं इंजिन बिघडतं त्यावर कोणी बोलत नाही.

खर्चाचं आधी सांगतो. क्रँक आणि रॉड जंकयार्डातल्या एका जुन्या जीप रँग्लरमधून (मॉडेल वायजे) स्वतः काढले. मेन आणि रॉड जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) ४.० शी जुळतात म्हणून हा उद्योग स्वस्तात होतो. स्ट्रोक ३.४१ वरून ३.८९५ इंच, बोअर (सिलिंडरचा व्यास) ३० थाऊ ओव्हर म्हणजे ३.९०५ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पिस्टन ४.० चेच ओव्हरसाइझ. रॉड २५८ चेच लागतात, ५.८७५ इंचाचे, ४.० चे ६.१२५ वाले लावले तर हा पिस्टन सरळ डेकच्या (ब्लॉकचा वरचा सपाट भाग, ज्यावर हेड बसतं) वर येईल. क्रँक घेताना नाक बघून घ्या, २५८ च्या काही क्रँकचं नाक लांब असतं आणि त्यावरचा बॅलन्सर (पुढची पुली) नीट आवळला जात नाही. फोर्डचे २४ पाउंडी (तासाला २४ पाउंड पेट्रोल सोडणारे) इंजेक्टर सेकंडहँड घेतले. बोअरिंग, क्रँक पॉलिश, बेअरिंग, गॅस्केट सगळं धरून दोन हजार डॉलरच्या आत बसलं, तयार लाँग ब्लॉक (हेडसकट जोडलेलं इंजिन) घेतला असता तर याच्या दुप्पटही पुरले नसते.

(पुण्यातले बुलेटवाले मित्र विचारतात की ३५० ची ५०० करतात तसंच ना हे. नाही. जुन्या बुलेटमध्ये दोन्हींचा स्ट्रोक ९० मिलिमीटरच होता, ७० चा बोअर ८४ व्हायचा. इथे मुख्य वाढ क्रँकमधून येते.)

आता मूळ दुखणं. या रेसिपीत पिस्टन टॉपला आला तरी डेकच्या तीसेक थाऊ खालीच राहतो. वर पन्नास थाऊचं गॅस्केट, म्हणजे पिस्टन आणि हेडच्या सपाट भागात ऐंशी-पंच्याऐंशी थाऊची फट. पाहिजे चाळीस-पन्नास. फट कमी असली की शेवटच्या क्षणी तिथलं मिश्रण दाबून प्लगकडे ढकललं जातं, घुसळतं, पटकन जळून जातं. फट मोठी असली की ते कोपऱ्यात तसंच तापत पडतं आणि मग स्वतःहून पेटतं. म्हणून मी मशीन शॉपला स्पष्ट लिहून दिलं होतं की डेक २० थाऊ उतरवा, त्याचे पैसेही बिलात लावले होते. घरी आणून क्रँक-पिस्टन टाकून डायल इंडिकेटर लावला तर पिस्टन ३४ थाऊ खाली! म्हणजे नुसता हात फिरवलाय. फोन केला तर म्हणे रोडवरच्या इंजिनला एवढं लागत नाही, काही होत नाही. पैसे परत मिळवायला दोन महिने भांडलो, अर्धे मिळाले. माझा राग पैशांपेक्षा या 'काही होत नाही' वर आहे, मोजून दिलेलं माप हे माप असतं, त्यावर मत द्यायचं नसतं.

बाकी सगळं तयार होतं म्हणून तसंच जोडलं. कॅम ब्रेक-इन (सुरुवातीची रुळवणी) झिंकवाल्या तेलावर, २००० आरपीएमला, व्यवस्थित. गावात चालवायला सुरेख. आणि मग जून आला. आय-१७ हायवेवर ब्लॅक कॅन्यन सिटी सोडली की सनसेट पॉइंटपर्यंत जो चढ आहे, तिथे ११० फॅरेनहाइटमध्ये, एसी चालू, चौथा गिअर, अर्धा थ्रॉटल, की टिर्र्र सुरू, म्हणजे नॉक, ते मिश्रण स्वतःहून पेटल्याचा आवाज. ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर तर होतंच, ९१ वर सुद्धा. प्लग काढून भिंगाखाली धरले तर पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे बारीक काळे ठिपके आणि दोन प्लगवर चमकणारा एक-एक कण, तो ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टनचाच जीव.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. रेनिक्सवाल्या (जुनी इंजिन-कंट्रोल सिस्टीम), १९८७ ते ९० च्या ४.० ला नॉक सेन्सर होता. १९९१ पासून क्रायस्लरने तो काढला. त्यामुळे माझा कॉम्प्युटर बहिरा आहे, नॉक झालं तरी टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेणार नाही. डिस्ट्रिब्युटर फिरवून पण काही होत नाही, टायमिंग क्रँक सेन्सरवरून ठरतं. थर्मोस्टॅट १९५ फॅरेनहाइटचा काढून १८० चा टाकला, किंचित फरक. ऑगस्टपर्यंत माझं ठाम मत झालं होतं की उन्हाळी प्रदेशात हा स्ट्रोकर करूच नये, स्टॉक ४.० बरा. वर ९१ चा खर्च, २० गॅलनची टाकी, दर टाकीला चांगलेच डॉलर जास्त, स्वस्त इंजिनची सगळी बचत पंपावर वाहून जाते.

ते मत आता मी बदललंय. थंडीत इंजिन परत बाहेर काढलं, ब्लॉक दुसऱ्या शॉपमध्ये नेला, एका म्हाताऱ्या गृहस्थांचं छोटं शॉप, त्यांनी आधी चारही कोपरे माझ्यासमोर मोजले आणि मग २२ थाऊ उतरवले. गॅस्केट ४३ थाऊचं घेतलं. फट आली ५५. हेड खाली आलं की पुशरॉडचा लिफ्टरवरचा दाब (प्रीलोड) तेवढाच वाढतो म्हणून पुशरॉड ३० थाऊ आखूड घेतले, हे विसरू नका, ४.० ला रॉकर ॲडजस्ट होत नाहीत. गंमत बघा, कॉम्प्रेशन साडेनऊवरून दहाच्या जवळ गेलं, म्हणजे नॉक वाढायला हवं. उलट नॉकच गेलं! तोच चढ, मेच्या शेवटी, १०५ मध्ये, ९१ वर एकदम शांत. थंडीत ८९ वर पण चालली. तीन टाक्यांनंतर प्लग काढले, पोर्सेलिन स्वच्छ. खरं सांगतो, गॅरेजमध्ये उभा राहून एकेक प्लग दिव्यासमोर फिरवत किती वेळ बघत होतो.

आणि आता इंजिनची मजा कळतेय. १५०० आरपीएमपासून ओढतं, ३३ इंची टायरवर ॲक्सलमध्ये अजून ३.०७ चेच गिअर आहेत आणि बदलायची गरज वाटत नाही, तिथे हजार-बाराशे डॉलर वाचले. पाचवा गिअर हायवेवर खरंच वापरता येतो. मायलेज स्टॉकपेक्षा दीड-एक मैल कमी. रिअर मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाचं ऑइल सील) झिरपतंय, ते काय ४.० चं नेहमीचंच.

करणार असाल तर ब्लॉक शॉपला देताना डेकची उंची थाऊत लिहून द्या आणि घ्यायला जाताना डेप्थ गेज खिशात ठेवा. हेड ७१२० किंवा ०६३० (हेडवरचा कास्टिंग नंबर) घ्या, २०००-०१ चं ०३३१ फुकट मिळालं तरी नको, तीन आणि चार नंबरच्या सिलिंडरच्या मध्ये तडकतं.