अरुबातील न्याहारी : पानेकूक, पोफर्चेस की पास्तेची?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून अरुबाला थेट विमाने जातात, त्यामुळे न्यू जर्सी किंवा बॉस्टनकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हिवाळ्यात चार-पाच दिवस उन्हात काढण्यासाठी हे बेट सोयीचे पडते. हॉटेलच्या भाड्यात नाश्ता धरलेला नसेल, तर सकाळी कुठे आणि काय खायचे हे ठरवावे लागते. साध्या, उघड्या पडवीच्या उपाहारगृहात बसून डच पॅनकेक खाणे हा त्यातील एक लोकप्रिय पर्याय आहे. तो चांगलाच आहे, पण प्रत्येक सकाळी तोच योग्य ठरेल असे नाही. म्हणून इथे पानेकूक (हाच तो मोठा डच पॅनकेक), पोफर्चेस (छोटे, घासाएवढे डच पॅनकेक) आणि पास्तेची (सारण भरून तळलेला स्थानिक पदार्थ) या तीन पदार्थांची तुलना केली आहे. पुढचा दिवस कसा जाणार आहे आणि टेबलाभोवती कोण बसले आहे, या दोन गोष्टी पाहून निवड करावी, असे माझे मत आहे.

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटरवर असलेले हे बेट १६३६ मध्ये डचांच्या ताब्यात आले. १९८६ पासून अरुबा स्वतःचा कारभार स्वतः पाहतो, पण नेदरलँड्सच्या राज्याशी असलेले त्याचे नाते कायम आहे, आणि पाम बीचकडे जाताना तिकडून आणून उभारलेली जुनी पवनचक्कीही दिसते. खुद्द नेदरलँड्समध्ये मात्र पानेकूक हा बहुधा दुपारच्या किंवा संध्याकाळच्या जेवणाचा पदार्थ असतो आणि सकाळी तिथले लोक पाव, लोणी, चीज यांवरच भागवतात. अरुबात तो सकाळच्या ताटात आला याचे कारण, मला वाटते, अमेरिकी पाहुण्यांच्या सवयीत आहे, कारण त्यांच्या लेखी पॅनकेक म्हणजे न्याहारीच. हा इतिहास इथे सांगण्यामागे व्यवहार आहे : मुळात जेवण म्हणून घडलेला पदार्थ आपण सकाळी मागवत आहोत, हे लक्षात ठेवले तर किती मागवावे याचा अंदाज चुकत नाही.

पानेकूक म्हणजे मोठ्या थाळीएवढा, बऱ्याचदा थाळीच्या कडेपर्यंत पोचणारा एकच पॅनकेक. अमेरिकी पॅनकेकसारखा तो फुगीर नसतो आणि फ्रेंच क्रेपइतका झिरझिरीतही नसतो. मैदा, दूध, अंडी आणि मीठ एवढ्यावरच त्याचे पीठ होते. सफरचंदाचा पानेकूक करताना तव्यावर लोणी वितळवून सफरचंदाच्या पातळ चकत्या आधी मांडतात, त्यांना थोडा रंग आला की वरून पीठ ओततात आणि तवा फिरवून ते कडेपर्यंत पसरवतात. त्यामुळे फळ पिठात रुतून बसते, कडा जाळीदार आणि तपकिरी होतात आणि मधला भाग मऊ राहतो. स्पेक, म्हणजे डुकराच्या मांसाचे खारवलेले पातळ काप, घालायचे असतील तेव्हाही हीच रीत असते. वर ओतायचा स्ट्रोप हा साखरबिटाच्या साखरेपासून केलेला काळसर, दाट पाक असून त्याला मेपल सिरपपेक्षा किंचित कडवट आणि भारदस्त चव असते. टेबलावर दोन्ही असतील तर स्ट्रोप घ्यावा, कारण मेपल सिरप आपल्याला इतरत्रही मिळतेच.

गोड की खारा, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. अरुबाच्या उन्हात सकाळी गोड पानेकूक, त्यावर पाक आणि सोबत फळांचा रस एवढे सगळे घेतले, तर पुढचे दोन तास जड जातात. त्यापेक्षा चीज, कांदा आणि मशरूम घातलेला पानेकूक मागवावा आणि त्यावर बेटाची स्वतःची पिका, म्हणजे पपई आणि मादाम जानेट जातीची तिखटजाळ मिरची यांची पिवळसर चटणी, बेताने घालावी. वितळलेल्या गौडा चीजच्या खारटपणावर ती मिरची फार छान बसते. गोड हवेच असेल तर दोघांनी मिळून एक खारा आणि एक सफरचंदाचा घ्यावा आणि अर्धा-अर्धा वाटून खावा. माणशी एक मागवला तर बहुतेक वेळा निम्मा थाळीतच राहतो.

पोफर्चेसचे पीठ निराळे असते. त्यात गव्हाच्या पिठाबरोबर बहुधा कुट्टूचे पीठ आणि यीस्ट असते, त्यामुळे त्याला हलकी आंबूस चव आणि जाळी येते. आपल्या आप्पेपात्रासारख्या, पण उथळ खळग्यांच्या बिडाच्या तव्यात ते भाजतात, काट्याने उलटतात आणि लोण्याचा गोळा व पिठीसाखर घालून डझनभर किंवा त्याहून अधिक नग एका थाळीत देतात. लहान मुलांसाठी हा पर्याय निःसंशय सरस आहे : घास मुलांच्या तोंडाएवढा असतो, सुरीची गरज पडत नाही आणि उरलेले मोठ्यांना संपवता येतात. मोठ्या माणसाची पूर्ण न्याहारी म्हणून मात्र पोफर्चेस अपुरे वाटतात, कारण ते गोडाकडेच झुकलेले असतात आणि पहिल्या सात-आठ नगांनंतर चवीत काही नवे येत नाही. ते गरम असतानाच खावे लागतात, गार झाले की चिवट होतात. अरुबावर पूर्वेकडून व्यापारी वारे जवळजवळ वर्षभर वाहतात, त्यामुळे उघड्या पडवीत बसल्यास पिठीसाखर थाळीत पडण्याऐवजी समोरच्याच्या शर्टावर जाते. भिंतीच्या आडोशाचे टेबल मागून घ्यावे.

पास्तेची हा खुद्द बेटावरच्या लोकांचा सकाळचा पदार्थ. किंचित गोडसर पिठाच्या पारीत चीज, गोमांस, कोंबडी किंवा मासे भरून तिला अर्धचंद्राकृती आकार देतात आणि तळतात. बेकऱ्यांत आणि रस्त्याकडेच्या छोट्या खाद्यगृहांत कामावर निघालेली माणसे त्या घेताना दिसतात. काउंटरवर पापियामेंतो या स्थानिक भाषेत 'बोन दिया', म्हणजे 'शुभ प्रभात', म्हणावे, हवे ते बोटाने दाखवावे आणि कागदात गुंडाळून घ्यावे. खर्च पानेकूकच्या तुलनेत अगदी थोडा येतो आणि पाच मिनिटांत काम होते. सोबत बातिदो, म्हणजे फळे घुसळून केलेले थंड पेय, मिळाले तर उत्तम. उणीव अशी की हे तळण आहे, सलग तीन दिवस ते कोणी खाऊ नये, आणि उशिरा गेल्यास चीजच्या पास्तेची संपलेल्या असण्याची शक्यता असते.

शाकाहारी वाचकांनी थोडी अधिक चौकशी करावी. पानेकूक आणि पोफर्चेस या दोन्हींच्या पिठात अंडे असते आणि ते आयत्या वेळी वगळता येत नाही. ज्या तव्यावर स्पेक भाजला त्यावरच चीजचा पानेकूक होत असेल, तर स्वच्छ तवा वापरण्याची विनंती मागणी देतानाच करावी. गर्दी नसेल तेव्हा ती मान्य होण्याची शक्यता अधिक असते. पारंपरिक गौडामध्ये प्राणिजन्य रेनेट, म्हणजे दूध गोठवण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले द्रव्य, असते, हेही ध्यानात असू द्यावे. पास्तेचीत सारण बाहेरून दिसत नाही आणि वेगवेगळ्या सारणांच्या पास्तेची एकाच तेलात तळल्या जातात, म्हणून कडक शाकाहार पाळणाऱ्यांना ती सोयीची नाही. अंडेही न खाणाऱ्यांनी हॉटेलातील फळे, दही आणि पाव यांवरच विसंबणे शहाणपणाचे ठरेल.

पैशांबाबत फार विचार करण्याची गरज नाही. अरुबन फ्लोरिन डॉलरला १.७९ या दराने बांधलेला आहे आणि डॉलर सर्वत्र चालतात. बिलात सेवाशुल्क आधीच लावलेले आहे का ते पाहावे आणि मगच टिप ठेवावी.

आता दिवसाप्रमाणे निवड. बेटाचा जवळजवळ पाचवा हिस्सा व्यापणाऱ्या आरिकोक राष्ट्रीय उद्यानात चालायला जायचे असेल, तर उन्हाआधी निघणे महत्त्वाचे असते, तेव्हा पास्तेची आणि भरपूर पाणी घेऊन निघावे. ईगल बीचवर पोहण्याचा बेत असेल, तर आधी पोहून घ्यावे आणि दहा-साडेदहाला पानेकूक खावा, म्हणजे दुपारचे जेवण आपोआप टळते आणि एरवी महाग वाटणारा तो पदार्थ दोन वेळांचा खर्च भागवतो. मुले बरोबर असतील आणि दिवस मोकळा असेल, तर मुलांना पोफर्चेस आणि मोठ्यांना वाटून पानेकूक ही मांडणी मला सर्वांत समाधानकारक वाटते. परतीच्या दिवशी मात्र बसून खाण्याचा मोह टाळावा, कारण अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशांचा इमिग्रेशन आणि कस्टम्स तपास अरुबाच्या विमानतळावरच होतो आणि त्यासाठी बराच लवकर पोचावे लागते. त्या सकाळी वाटेत पास्तेची घ्यावी आणि तपासणीच्या रांगेत शिरण्याआधीच ती संपवावी, कारण मांसाचे सारण असलेले खाद्य कस्टम्समध्ये अडू शकते.