लॅपटॉपचा आवाज बसलाय: ड्रायव्हर टाकावा, आतला स्पीकर बदलावा की बाहेरचा घ्यावा?

लॅपटॉपचा आवाज गेला की दोनच सल्ले मिळतात. एक जण म्हणतो ‘फॉरमॅट मार’, दुसरा म्हणतो ‘ब्लूटूथ स्पीकर घेऊन टाक’. नेमकं काय बिघडलंय ते दोघांनीही बघितलेलं नसतं. ते बघायला घरी दहा मिनिटं पुरतात, आणि तेवढं केल्याशिवाय सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानांत चक्कर मारू नका.

आधी हेडफोन लावा. हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ आणि स्पीकरमधून फाटका येत असेल, तर संशय स्पीकरवर. दोन्हीकडे सारखीच खरखर असेल किंवा दोन्हीकडे शुकशुकाट असेल, तर दोष ड्रायव्हरचा (म्हणजे साऊंडची चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा), सेटिंगचा किंवा त्या चिपचा. आणखी एक खूण लक्षात ठेवा. दोन स्पीकर एकाच दिवशी, एकाच वेळी सहसा मरत नाहीत. काल चांगला चालणारा लॅपटॉप आज एकदम मुका झाला असेल, तर बहुधा सॉफ्टवेअरचा घोळ असतो. आवाज एकाच बाजूने येतो, किंवा मोठा केला की फरफरतो, तेव्हा मात्र बहुधा स्पीकरच गेलेला असतो.

ड्रायव्हर आणि सेटिंग: फुकट, म्हणून पहिलं

टीव्हीला एचडीएमआय केबल लावली होती का? मग आवाज अजून टीव्हीकडेच जात असेल. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट लॅपटॉपच्या स्पीकरवर आणा. साऊंडच्या सेटिंगमधलं ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करून बघा, डबक्यातून आल्यासारखा आवाज बऱ्याचदा तिथेच सुधारतो. त्यानेही भागलं नाही तर डिव्हाइस मॅनेजरमधून साऊंडचा ड्रायव्हर काढा, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्या. विंडोज स्वतःहून जो साधा ड्रायव्हर टाकते त्याने आवाज येतो, पण काही मॉडेलवर तो पातळ येतो, कारण कंपनीने त्या छोट्या स्पीकरसाठी केलेली जुळवणी त्यात नसते.

फॉरमॅट मारायच्या आधी पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) चालू करून बघा. इन्स्टॉल करायची गरज नाही, नुसतं ‘ट्राय’ करायचं. तिथे आवाज नीट आला तर लॅपटॉपचं अंग शाबूत आहे, दोष विंडोजमध्ये. तिथेही फरफर असेल तर फॉरमॅटने काही साधणार नाही.

आतला स्पीकर बदलणं

आपल्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या कारखान्याला लागून ऑफिस असलं की लॅपटॉप उघडल्यावर काय दिसतं ते सांगतो. खालच्या जाळीवर सुताची बारीक लव अशी बसलेली असते की बोटाने सोलून निघते. तीच लव हेडफोनच्या जॅकमध्येही शिरते आणि आतली पट्टी दबलेली राहिली की लॅपटॉपला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे. मग स्पीकर धडधाकट असूनही गप्प. स्पीकरजवळ लोखंडाचा कीस असेल तर तो चुंबकाला चिकटतो, स्पीकरच्या पातळ पडद्याला घासतो, आणि तबला-ढोलकीच्या ठोक्याला चर्र आवाज येतो. लव मऊ ब्रशने काढा. ब्लोअरची हवा थेट स्पीकरवर मारू नका, पडदा फाटतो.

पडदा फाटलाच असेल तर डिंक-फेविकॉल लावत बसू नका, जोडी बदला. स्पीकर मॉडेलनुसार, बहुधा जोडीनेच मिळतात. ओहम आणि वॉट जुळले तरी आकार, वायरची लांबी आणि पिन जुळल्या नाहीत तर उपयोग नाही, म्हणून लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरचा फोटो दुकानदाराला द्या. माल इथे नसेल तर मागवेपर्यंत थांबावं लागतं. बसवताना कडेची छोटी रबरं परत लागली पाहिजेत, नाहीतर नवीन स्पीकरही बॉडीला थरथरवतो. वॉरंटी चालू असेल तर मात्र एकही स्क्रू न उघडता सर्व्हिस सेंटर गाठा.

नवीन जोडी टिकवायची असेल तर व्हीएलसीमध्ये (गाणी-व्हिडिओ लावायच्या प्लेअरमध्ये) आवाज १०० टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. तिथून पुढे आवाज फाटतो आणि तो फाटका मारा इवल्या स्पीकरला सोसत नाही.

बाहेरचा स्पीकर

इथे खरी निवड यूएसबी की ब्लूटूथ अशी आहे. लॅपटॉप टेबलावरून हलत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: वायरचा घ्या. पण खोक्यावर नीट वाचा. काही स्पीकर यूएसबीतून फक्त वीज घेतात आणि आवाजासाठी ३.५ मिमीची पिन जॅकमध्येच लावावी लागते. जॅक किंवा चिप गेली असेल तर असला स्पीकर घरी आणून उपयोग नाही. आवाजही यूएसबीतूनच घेणारा हवा, किंवा काही शे रुपयांत मिळणारा यूएसबी साऊंड अ‍ॅडॉप्टर. त्याची स्वतःची चिप असते, त्यामुळे लॅपटॉपची चिप मेली तरी काम चालतं. फक्त आवाजासाठी मदरबोर्ड बदला असं कोणी म्हणालं तर आधी हा अ‍ॅडॉप्टर लावून बघा.

ब्लूटूथ सिनेमा-गाण्याला छान. पण आवाज किंचित उशिराने येतो, त्यामुळे व्हिडिओ एडिटिंग किंवा कीबोर्ड वाजवायला तो नकोच. ऑनलाइन क्लासमध्ये त्याच उपकरणाचा माईक चालू झाला की आवाज फोनवर बोलल्यासारखा चपटा होतो.

मग कोणी काय घ्यावं

केगावला विद्यापीठात रोज लॅपटॉप नेणाऱ्या मुलामुलींनी आतलेच स्पीकर बदलावेत. बॅगेत आणखी एक डबा आणि त्याचं चार्जिंग कशाला सांभाळायचं? दुकानात हिशोबाला ठेवलेल्या, जुन्या लॅपटॉपवर तो खर्च करू नका, यूएसबी स्पीकर पुरे. घरात लहान मुलं त्याच लॅपटॉपवर शिकत असतील तर आवाज स्वच्छ हवाच, कारण शिक्षकांचं अर्धं वाक्य फरफरीत गेलं की मूल विचारत नाही, गप्प बसतं. अशा घरात दुरुस्ती पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

दुरुस्ती करून घेतलीत तर पैसे देण्याआधी तिथेच ढोलकीचं एखादं गाणं लावा. बॅलन्स आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे न्या आणि दोन्ही वेळा आवाज वर चढवून ऐका. जुनी जोडीही मागून घ्या.