सात महिने, पाच कादंबऱ्या आणि एक गहाळ फॉर्मा

पान 176 उलटलं आणि समोर पुन्हा 161. आधी वाटलं, लेखकाचा काही प्रयोग असेल, हल्ली करतात. सासूबाईंचं तेच वाक्य दुसऱ्यांदा आलं तेव्हा ट्यूब पेटली. 161 ते 176 दोनदा आणि मग थेट 193! बाइंडरने एक सोळा पानी फॉर्मा (म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा) दोनदा घेतला होता आणि पुढचा विसरला होता.

प्रकाशकाकडे फोन केला. "बिल आहे का?" होतं, कारण खूण म्हणून पुस्तकात तेच घातलं होतं. मग म्हणाले, प्रत परत पाठवा, टपालखर्च तुमचा. चूक तुमची आणि भुर्दंड मला? नाहीच पाठवली. तीन फोन आणि दोन मेलनंतर, पाचव्या आठवड्यात, मोबाइलवर सोळा फोटो आले. दोन फोटोंत कुणाचा तरी अंगठा. कादंबरीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, प्रकाशक लगेच ओळखू येईल.

खरा राग त्यानंतर आला. त्या सोळा पानांत एक लग्न ठरतं आणि मोडतं, बस्स. फोटो येईपर्यंत मी उरलेली कादंबरी वाचून संपवलीही होती आणि कुठे अडलं नव्हतं. म्हणजे भांडले कशासाठी?

तेव्हापासून हीच कसोटी लागलीय डोक्याला: एक फॉर्मा काढला तर कळेल का?

'रणांगण' (1939) मध्ये लगेच कळेल. आधीच पुस्तक एवढंसं. युरोपातून निघालेली बोट, हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन पळणारे ज्यू, चक्रधर आणि हॅर्टा. सोळा पानं गेली तर प्रवासच तुटेल. शेवटची पत्रं वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते.

'बनगरवाडी' दोन बैठकांत झाली. धनगरवाडीत आलेला पोरसवदा मास्तर, गावाने मिळून उभारलेली तालीम आणि मग दुष्काळ. इथे कसोटीची आठवणच झाली नाही, हे तिच्या बाजूनेच धरा.

'मृत्युंजय' मात्र... मारू नका. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण, सगळे आपापली बाजू सांगतात, त्यामुळे तेच प्रसंग फिरून येतात. कॉलेजात असताना रडले होते. आता दोन फॉर्मे कुणी काढून नेले तर मी तक्रार करणार नाही. तरी रथाचं चाक रुतलं तिथे घसा दाटलाच, ते वेगळं.

'कोसला'बद्दल आधी लिहिणार होते की हिच्यातून कुठलाही फॉर्मा काढा, पांडुरंग सांगवीकर तसाच 'वगैरे वगैरे' करत राहील. डायरीचा भाग तर मी चाळलाच होता. पण हे लिहिण्याआधी प्रामाणिकपणा म्हणून तेवढा भाग पुन्हा वाचला आणि मत फिरलं. तो कंटाळा आपण त्याच्याबरोबर काढलेला असतो, म्हणून धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी त्याची भाषा अशी फुटते ते सोसवत नाही. मधली पानं गाळून तिथे पोचलं असतं तर ते नुसतं दुःखद वाटलं असतं. तेव्हा 'कोसला' पास, आणि मी चाळली होती म्हणून थोडी नापास मी.

आता पुस्तक विकत घेताना आधी पानांचे आकडे तपासते. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. चिकटवलेल्या बांधणीचं असेल तर मधोमध उघडूनही बघते. जुजबंदी, म्हणजे दोऱ्याने शिवलेली बांधणी असेल तर पाठ दुमडली तरी पानं हलत नाहीत. डिंकावरची पानं तिसऱ्या वाचनाला हातात येतात.

आणि हो, माझ्याकडे 161 ते 176 जास्तीची आहेत. ज्यांच्या प्रतीत 177 ते 192 दोनदा आली असतील त्यांनी कळवावं, नाव खासगीत सांगेन. टपालखर्च निम्मा निम्मा.