वर्गासाठी काय निवडावं : मोफत ऑनलाइन साधनं की खुल्या परवान्याचं साहित्य?

शाळेत स्मार्ट टीव्ही बसला, संगणक कक्षात नेट आलं, वरून 'डिजिटल साहित्य वापरा' अशी सूचनाही आली. आता वापरायचं काय? एका बाजूला गूगल फॉर्म, प्रश्नमंजुषेचा खेळ घेणारं कहूट, यूट्यूब आणि सराव घेणारी ढीगभर अ‍ॅप्स आहेत. दुसऱ्या बाजूला गोष्टींचं स्टोरीवीव्हर, पडद्यावरच्या प्रयोगांचं फेट, चित्रांचं विकिमीडिया कॉमन्स आणि नेटशिवाय विकिपीडिया वाचू देणारं किविक्स. पैसे दोन्हीकडे पडत नाहीत. पण पहिल्या बाजूचं साहित्य त्यांच्याच दारात जाऊन, त्यांच्याच अटींवर वापरायचं. दुसरीकडचं मात्र उतरवून घेता येतं, बहुतेक वेळा बदलताही येतं आणि पुढच्या शाळेला देताही येतं, कारण तशी परवानगी आधीच लिहून ठेवलेली असते. मी सोलापूरच्या पूर्व भागात शिकवतो आणि दोन्ही वापरतो. माझा कल कुठे आहे, ते वाचता वाचता कळेलच.

आधी पहिल्या बाजूचं कौतुक. दहावीच्या उजळणीला गूगल फॉर्मसारखं सोयीचं काही नाही. बहुपर्यायी प्रश्न टाकले की तपासणी आपोआप होते आणि कोणत्या प्रश्नावर वर्ग आडवा झाला ते लगेच दिसतं. कहूट लावलं की मागच्या बाकावरची मंडळीही पुढे सरकतात. यूट्यूबवर दहावीच्या गणिताचे मराठीतले तास इतके आहेत की खुल्या परवान्याचं साहित्य त्याच्या जवळपासही पोचत नाही. आठवीच्या पुढे मराठीत खुलं साहित्य विरळ आहे, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

आता मला नडलं ते सांगतो : ओटीपी. फॉर्मला लॉगिन न मागण्याची सोय आहे आणि कहूटला पिन नि टोपणनाव पुरतं, त्यामुळे त्यांच्यावर माझा राग नाही. पण प्रत्येक मुलाची प्रगती वेगळी नोंदवणारं एक सराव-अ‍ॅप आम्ही सहावीला घेतलं, नाव घेत नाही. संगणक कक्षात पोरं बसली, नावं भरली आणि पडद्यावर आलं, 'पालकांच्या मोबाइलवर आलेला क्रमांक टाका.' बाप यंत्रमागावर. खटखटाटात रिंग ऐकू येत नाही, आणि ऐकू आली तरी माग सोडून सहा आकडे वाचून दाखवायला त्याला सवड कुठली? आईचा फोन घरी विड्या वळताना शेजारी असतो, पण त्याचा रिचार्ज संपलेला. एकाचा मोबाइल कॉलेजातल्या भावाच्या खिशात. "तुझा आला का बे?" एवढाच संवाद वर्गभर चाललेला. ज्याचा आला, त्याचा टाकेपर्यंत मुदत संपली. शेवटी एक जण म्हणाला, "सर, नुसतं गोल गोल फिरायलंय," आणि घंटा झाली. अपूर्णांक राहिले तिथेच.

पुढच्या तासाला जुने विद्यार्थी पासवर्ड विसरलेले आणि नव्यांचा ओटीपी अजून यायचा बाकी. यावर इलाज आहेत म्हणे, शाळेनं एकत्र खाती काढून द्यायची वगैरे. मोठ्या शाळांत संगणक शिक्षक असतात, तिथे जमतही असेल. शिवाय हा नुसता वैतागाचा विषय नाही. तेरा वर्षांखालच्या मुलाला पालकांच्या संमतीशिवाय स्वतःचं गूगल खातं काढता येत नाही, आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. म्हणजे ओटीपी मागणारे चूक नाहीत. पण पस्तीस मिनिटांच्या तासात ते बसत नाही, एवढं खरं.

दुसऱ्या बाजूला मुलाचं खातंच लागत नाही. फेट ही कोलोरॅडो विद्यापीठाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हे काम सुरू केलं. फाइल एकदा उतरवून घेतली की नेट गेलं तरी चालते. परिपथाच्या धड्याला मी विद्युतघट, तारा, दिवा पडद्यावर मांडून देतो आणि पोरांना एकेक करून लॅपटॉपवर बोलावतो. कुणीतरी हमखास दिव्याला बगल देऊन घटाची दोन टोकं तारेनं थेट जोडतो, पडद्यावर आग लागते आणि 'लघुपथन' (शॉर्ट सर्किट) पुन्हा शिकवावं लागत नाही. बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत. मात्र अनुवाद स्वयंसेवकांनी केलेले आहेत, त्यामुळे बालभारतीच्या पुस्तकातलाच शब्द मिळेल असं नाही. मी फळ्यावर पुस्तकातला शब्द लिहून ठेवतो आणि पुढे जातो.

स्टोरीवीव्हरवर मात्र माझा जीव जडलाय. 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेनं २०१५ मध्ये ते सुरू केलं. गोष्टी वाचनाच्या पातळ्यांनुसार लावलेल्या आहेत, आणि एकच गोष्ट मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दूत सापडू शकते. आमच्या भागात याचं मोल वेगळं. घरी तेलुगू बोलणारी पोरगी शाळेत मराठी वाचते, तेलुगू लिपी तिला येत नाही, पण आजोबांना येते. तीच गोष्ट मी दोन्ही भाषांत छापून देतो. रात्री आजोबा तेलुगूतून वाचतात आणि सकाळी ती मराठीतून सांगते, तेही न अडखळता. शिवाय चित्रं तीच ठेवून मजकूर आपला लिहायला परवानगी आहे. एका गोष्टीतलं दुकान पोरांनी उचलून मेकॅनिक चौकात नेऊन बसवलं आणि दुकानदाराला अस्सल सोलापुरी बोलायला लावलं. खाली मूळ लेखक-चित्रकाराचं नाव आणि परवाना लिहिला की झालं.

चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्स. तिथे दहा कोटींहून जास्त फाइली आहेत. माळढोक पक्ष्याचा मोठा फोटो वर्गात लावायचा तर तिथेच जातो, कारण नान्नजच्या अभयारण्यात सहल नेली तरी माळढोक दिसेलच याची खात्री आता कुणी देत नाही. कुठलंही खुलं साहित्य घेताना परवाना तेवढा बघून घ्यायचा. 'बीवाय' म्हणजे श्रेय द्या, 'एसए' म्हणजे बदललेलंही त्याच अटींवर वाटा, 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी वापरू नका, 'एनडी' म्हणजे बदललेलं पुढे देऊ नका. वर्गात शिकवताना एखादा उतारा वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तशीही सवलत आहे, पण ती शिकवण्यापुरती. आपली कार्यपत्रिका जिल्हाभरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची असेल, तर खुला परवाना असलेला बरा.

दीक्षा हे सरकारी शैक्षणिक व्यासपीठ या दोन्हींच्या मधोमध बसतं. क्यूआर कोडमुळे ते पुस्तकातल्या पाठाशी जोडलेलं आहे, लॉगिन न करता बघता येतं आणि अ‍ॅपमध्ये उतरवूनही ठेवता येतं. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा पुस्तकातल्या क्यूआर कोडची चर्चा देशभर झाली, त्यामुळे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. मजकुराचा दर्जा पाठागणिक बदलतो. जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअरही असंच मधलं. भूमितीला अप्रतिम, पण मोफत आहे ते अव्यावसायिक वापरासाठी. शाळेला तेवढं पुरतं, क्लासवाल्यांनी अटी वाचाव्यात.

खुल्या साहित्याची सगळ्यात मोठी खोट ही : तयारी आपल्याला करावी लागते. शोधा, उतरवा, वाचून बघा, मराठी दुरुस्त करा, छापा. संध्याकाळ जाते. आणि मुख्याध्यापकांना दाखवायला रंगीत अहवाल निघत नाही.

नववी-दहावी शिकवत असाल, मुलांकडे स्वतःचे फोन असतील आणि गुणांचा हिशेब महत्त्वाचा असेल, तर फॉर्म आणि व्हिडिओ घ्या, मी अडवणार नाही. पाचवी ते आठवी असेल आणि शाळा आमच्यासारखी असेल, तर आधी एक पेन ड्राइव्ह भरा : फेटची चार-पाच सिम्युलेशन्स, स्टोरीवीव्हरच्या गोष्टींच्या पीडीएफ, किविक्सवर मराठी विकिपीडिया. गोष्टी उतरवताना खातं मागितलं तर ते तुमचं एकट्याचं, पोरांना त्याचा ताप नाही. फक्त एक लक्षात ठेवा, फेटची फाइल पेन ड्राइव्हवरून थेट टीव्हीवर चालेल या भरवशावर राहू नका. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडा आणि टीव्हीला एचडीएमआय केबल जोडा. केबल लांब घ्या. वर्गातला प्लग नेमका फळ्याच्या दुसऱ्या टोकाला असतो.