सुटे भाग उत्तम, पण गुण्यात बसवणं आपल्यालाच करावं लागतं

२०४० अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलची चौकट, तिन्ही अक्षांना (एक्स डावी-उजवीकडे, वाय पुढे-मागे, झेड वर-खाली) टी८ म्हणजे ८ मि.मी. जाडीचे चाल देणारे स्क्रू, वायला दोन्ही बाजूंनी एकेक मोटर आणि ३०० बाय ४०० मि.मी.हून थोडी जास्त चाल असलेला हा सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कापणारं-कोरणारं मशीन) सुट्या भागांच्या किटमध्ये येतो. मी तो लाकडी पेट्यांसाठी घेतला. पेटीच्या तीन कोपऱ्यांतली चूक चौथ्यावर जमा होते, त्यामुळे मशीन किती वेगानं चालतं यापेक्षा ते गुण्यात चालतं का, हे मला महत्त्वाचं. टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाची ती सवयच असते.

भागांबद्दल तक्रार नाही. स्क्रू सरळ आहेत, अँटी-बॅकलॅश नट (स्क्रूवरची ढिलाई घालवणारे) घट्ट बसतात, व्ही-व्हीलचे (खाचेत चालणाऱ्या चाकांचे) दाब कमी-जास्त करणारे एक्सेंट्रिक नट सहज फिरतात. अडचण आहे ती सोबतच्या पुस्तिकेत. ती प्रत्येक बोल्ट बसवताक्षणी पूर्ण आवळायला सांगते. प्रोफाइलचं टोक काटकोनात कापलेलं नसेल, तर आवळताना चौकट त्या तिरक्या टोकाच्या मागे ओढली जाते. माझ्या किटमधल्या एका आडव्या प्रोफाइलचं टोक तसंच होतं. म्हणून सगळे बोल्ट हातानंच लावा, चौकट जाड काचेवर किंवा ग्रॅनाइटवर ठेवा, आतल्या कोपऱ्यात गुण्या धरा आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत न्या.

पुढची चूक मला जास्त गंभीर वाटते. जोडणी संपली की पुस्तिका थेट स्टेप्स पर मि.मी. (एक मि.मी. सरकायला मोटरनं किती पावलं टाकायची, ते) म्हणजे कंट्रोलरमधले $१०० (एक्स) आणि $१०१ (वाय) हे आकडे बदलायला लावते. त्या आकड्यांनी लांबी बदलते, कोन तसाच राहतो. तिरक्या मशीनवर हे आकडे कितीही घोटले तरी चौकोन तिरकाच निघणार. आधी एमडीएफवर ३०० बाय ४०० च्या चार कोपऱ्यांना बारीक भोकं पाडा आणि दोन्ही कर्ण मोजा. स्टेप्सचे आकडे चुकलेले असले तरी ही तपासणी फसत नाही, कारण आयत लांबट झाला काय किंवा आखूड झाला काय, त्याचे कर्ण समानच राहतात. ३-४-५ च्या त्रिकोणाचं (३ आणि ४ च्या बाजूंवर कर्ण ५ आला की काटकोन) तसं नाही, तिथे लांबीची चूकही कोनाची चूक म्हणून दिसते. माझ्या मशीनवर कर्णांत १.२ मि.मी. फरक आला. म्हणजे ४०० मि.मी.च्या बाजूवर बरोबर १ मि.मी. तिरकेपणा. पेटीच्या झाकणाला एवढा फरक चालत नाही.

हा तिरकेपणा गँट्रीतून, म्हणजे वायवर चालणाऱ्या आडव्या पुलातून येत होता. कंट्रोलरवर वायच्या दोन्ही मोटरना मिळून एकच ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) आहे, त्यामुळे दोन लिमिट स्विच (टोक गाठल्याचं कळवणारे) लावून गँट्री आपोआप सरळ करून घेता येत नाही. वर, टी८ स्क्रूची लीड (एका फेरीत सरकण्याचं अंतर) ८ मि.मी. असल्यानं मोटर बंद असताना धक्का लागला तरी एक बाजू सरकते. मी दोन्ही बाजूंना पक्के ठोकळे बसवले आणि त्यांची जागा कर्ण जुळेपर्यंत सरकवली. आता चालू करण्याआधी गँट्री हातानं दोन्ही ठोकळ्यांना टेकवतो. उत्पादकानं दोन स्वतंत्र ड्रायव्हर द्यायलाच हवे होते. ग्रब्लहॅल आणि फ्लुइडएनसी या दोन्ही फर्मवेअरमध्ये (कंट्रोलरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) ही सोय आहे.

झेडकडे तर पुस्तिकेनं पाहिलेलंही नाही. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात: झेडची चाल बेडला लंब आहे का, आणि स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) त्या चालीला समांतर आहे का. पहिलीसाठी बेडवर गुण्या उभा करा, डायल गेजचं (बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या साधनाचं) टोक त्याच्या पात्याला लावा आणि झेड वर-खाली चालवा. काटा हलला, तर झेडची प्लेट सैल करून सरळ करा. त्यानंतर डायल स्पिंडललाच आडव्या दांडीवर बांधून हातानं गोल फिरवा. २०० मि.मी. व्यासाच्या फेरीत मला पुढे-मागे ०.३ मि.मी. फरक मिळाला, डावी-उजवीकडे जवळपास काहीच नाही. स्पिंडलचं टोक मागे झुकलेलं होतं. माउंटच्या बोल्टांमधलं उभं अंतर ६० मि.मी., म्हणजे ०.०९ मि.मी.चं शिम (मागे घालायची पातळ पट्टी) हवं. मी खालच्या बोल्टांमागे ०.१ चा पितळी पत्रा घातला. तोवर २५ मि.मी.च्या बिटनं एक्स दिशेत पट्टे मारले की प्रत्येक पट्ट्याच्या कडेला ०.०४ च्या आसपास पायरी राहायची, आणि ती नखाला स्पष्ट लागायची. वाय दिशेत पट्टे मारून पायऱ्या दिसल्या, तर झुकाव डावी-उजवीकडचा समजावा.

बेडवरचा एमडीएफ सपाट करून घेण्याचं काम सर्वांत शेवटी. पुस्तिकेत ते सुरुवातीला आहे. बेड सपाट केल्यानं झुकलेला स्पिंडल सरळ होत नाही.

चांगला गुण्या आणि डायल गेज घरी असेल, तर हे किट निश्चित घ्या. आता कर्णांतला फरक स्टीलपट्टीवर दिसतसुद्धा नाही आणि पेट्यांची झाकणं चारही बाजूंनी फिरवून बसतात. ही दोन साधनं नसतील आणि घ्यायचीही नसतील, तर दोन वाय ड्रायव्हर आणि शिमशिवाय सरळ करता येणारं स्पिंडल माउंट असलेलं मशीन शोधा, थोडं महाग पडलं तरी.