‘सील तोडू नका’ : ब्लॅक सॅबथच्या पहिल्या रेकॉर्डपायी गेलेले ३८,००० रुपये

नागपुरात जुन्या रेकॉर्ड घेणारे आपण मोजकेच. पण २२ जुलै २०२५ ला ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला आणि बँडच्या रेकॉर्ड शोधणारे एकदम वाढले. हे हेरून एक माणूस आपल्या शहरात धंदा करून राहिला आहे. त्याने मला फसवलं. माझे पैसे परत येतील अशी आशा मी सोडली आहे, तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं लिहितो.

रेकॉर्ड मला दादासाठी हवी होती. दादाचा जन्म १९७० चा आणि सॅबथचा पहिला अल्बमही १३ फेब्रुवारी १९७० चा. दादा व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजात, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत शिकत होता तेव्हा हॉस्टेलच्या मित्राकडून त्याने हा अल्बम कॅसेटवर उतरवून आणला. सुरुवातीलाच पावसाचा आवाज, ढगांचा गडगडाट आणि लांबवर वाजणारी घंटा. आम्ही ती पहिल्यांदा मोठ्या आवाजात लावली तेव्हा आई गच्चीवरच्या कुरड्या उचलायला धावली होती. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या यंत्रात तुटली होती आणि तरी तो असा वाजवतो, हे दादाने मला त्याच दिवशी सांगितलं. मी शाळेत होतो. तेव्हापासून आज इतकी वर्षं आम्हा दोघा भावांत जिव्हाळ्याचं जे बोलणं झालं, त्यातलं बरंचसं या गाण्यांवरून झालं आहे. म्हणून त्याच्या ५५व्या वाढदिवसाला इंग्लंडचं पहिलं प्रेसिंग, म्हणजे १९७० साली तिथे पहिल्यांदा छापलेली मूळ रेकॉर्ड द्यायचं मी ठरवलं होतं.

हा माणूस मला एका ओळखीच्या रेकॉर्डवाल्या मित्राकडून कळला. मित्रही फसलेलाच, त्याचा यात दोष नाही. ‘मामा जहाजावर होते, महाल भागातला वाडा पाडून राहिले, माळ्यावरचं सगळं काढायचं आहे’ असं तो सांगायचा. पहिल्या भेटीत, बर्डीवर, त्याने मला नाट्यगीतांच्या दोन एलपी दिल्या. कोलकात्याजवळच्या डमडमच्या रेकॉर्ड कारखान्यातल्या, अस्सल, सुस्थितीतल्या, आणि त्याही बाजारभावाच्या निम्म्यात. आता कळतं, तो तोटा नव्हता, ते गळाला लावलेलं आमिष होतं. दोन खऱ्या वस्तू हातात पडल्या की तिसरी आपण तपासत नाही.

आठवड्याने सॅबथचे फोटो आले. व्हर्टिगो या रेकॉर्ड कंपनीचं ते काळं-पांढरं भोवऱ्यासारखं चक्र, कव्हरवर व्हीओ ६ हा नंबर, सगळं बरोबर. फोटो खऱ्या पहिल्या प्रेसिंगचेच होते, फक्त ती रेकॉर्ड त्याची नव्हती. प्रत्यक्ष भेट ट्रॅफिक पार्कजवळ, संध्याकाळी साडेसातला, रस्त्यावरच्या दिव्याखाली. एलपी प्लास्टिकमध्ये सीलबंद. मी उघडू का विचारलं तर म्हणाला, “भाऊ, सील तोडू नका बरं. सील तुटलं का किंमत अर्धी. मी तुमच्या भल्याचं सांगून राहिलो.” मी ऐकलं. यूपीआयवर नाव भलत्याच बाईचं आलं, तर “बायकोचं खातं आहे” म्हणाला. ३८,००० रुपये पाठवले.

वाढदिवसाला दादाने ती हातात घेतली आणि बराच वेळ नुसती धरून बसला. कव्हरवरची, इंग्लंडातल्या मॅपलडरहॅमच्या पाणचक्कीसमोर उभी असलेली ती काळ्या कपड्यांतली बाई त्याने कॅसेटच्या झेरॉक्स कव्हरवरच पाहिलेली. मग त्याने कव्हर उलटं केलं, मागच्या कोपऱ्यातल्या मुंबईच्या दुकानाच्या किमतीच्या स्टिकरवर नख फिरवलं आणि हळूच म्हणाला, “हे स्टिकर प्लास्टिकच्या आत आहे रे.”

दुकानदार स्टिकर लावतो ते सीलच्या वरून. ते आत असेल तर सील नंतर कुणीतरी घरी चढवलं आहे. प्लास्टिक फाडलं, स्टिकर सोलला, खाली बारकोड. दुकानात पहिल्यांदा बारकोड वाचून वस्तू विकली गेली ती जून १९७४ मध्ये, अमेरिकेत. १९७० च्या इंग्लिश एलपीवर तो असूच शकत नाही. पुढचं सगळं मग भराभर उलगडलं. मूळ व्हर्टिगोत पहिल्या बाजूचं लेबल, म्हणजे मधली कागदी चकती, हे पूर्ण चक्र, त्यावर गाण्यांची नावं नाहीत, आणि दोन्ही बाजूंची माहिती दुसऱ्या बाजूवर. आमच्या रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना गाण्यांची नावं होती. कव्हरवरची बारीक अक्षरं फुटलेली, छापील कव्हर स्कॅन करून पुन्हा छापल्यावर होतात तशी. इतवारीच्या सराफ्यात दादाचा वर्गमित्र आहे, त्याच्या काट्यावर ठेवली तर १८२ ग्रॅम भरली. १८० ग्रॅमची जाड रेकॉर्ड ही हल्लीच्या रिइश्यूची, म्हणजे नव्याने काढलेल्या आवृत्तीची खूण, त्या काळच्या एलपी बहुतेक १२० ते १५० ग्रॅमच्या. थोडक्यात, दोन-तीन हजारांत नवी मिळणारी रेकॉर्ड.

दोन गोष्टी मला तेव्हाच सुचायला हव्या होत्या, आणि त्या तुम्ही लक्षात ठेवा. एक, इंग्लंडमध्ये त्या काळी एलपी सहसा अशा प्लास्टिकमध्ये घट्ट सील करून विकत नसत, ती पद्धत मुख्यतः अमेरिकेची. ‘सीलबंद इंग्लिश पहिलं प्रेसिंग’ हे ऐकताच सावध व्हायचं. दुसरी गोष्ट तर आपल्या नागपूरच्या माणसाला कुणी सांगायची गरज नाही. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो. गरमीत ते प्लास्टिक आवळतं आणि आतली रेकॉर्ड वाकवतं. महालातल्या वाड्याच्या माळ्यावर, कवेलूंखाली, पन्नासहून जास्त उन्हाळे काढलेली सीलबंद एलपी आरशासारखी सपाट राहील? मी ती हातात तोलली, सपाट आहे म्हणून खूश झालो, आणि तीच खोटेपणाची खूण होती.

विकणाऱ्याचा फोन बंद. महालातला तो वाडा कुठला हे मित्रालाही माहीत नव्हतं, आम्ही दोघेही त्याला कायम बाहेर चौकातच भेटलो होतो. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तोवर पैसे देऊन बारा दिवस झाले होते आणि खात्यात काही उरलं नव्हतं. हा नंबर लगेच, शक्यतो तासाभरात लावला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. मी दिवस घालवले, कारण पाकीट वाढदिवसापर्यंत उघडायचंच नव्हतं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला की वस्तू तर मिळाली, मग फसवणूक कसली? तिथे मी स्टिकर, बारकोड आणि काट्याची चिठ्ठी पुढे ठेवली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रार लिहून घेतली गेली. पण ‘ओरिजिनल आहे, गॅरंटी माझी’ हे ज्या व्हॉइस मेसेजमध्ये त्याने म्हटलं होतं, ते सगळे त्याने दोन्हीकडून पुसून टाकले होते. माझ्याकडे एकही स्क्रीनशॉट नाही. पैसे देण्याआधी बोलणं जपून ठेवा, कृपा करून.

दादा त्या दिवशी मला एक शब्द बोलला नाही. रात्री त्याने तीच रेकॉर्ड लावली, पाऊस आणि घंटा ऐकली, आणि मग आपली जुनी कॅसेट कपाटातून काढून माझ्या हातात दिली. मला ते फार लागलं.

गेल्या आठवड्यात वर्ध्याच्या एका मित्राला तेच फोटो आले आहेत. डावीकडे खाली हिरव्या चौकडीच्या चादरीची कड दिसते, त्यावरून ओळखा. भाव आता ४५,००० झाला आहे, आणि मामा जहाजाऐवजी लंडनला होते. मी मित्राला उत्तर लिहून दिलं : सील तोडा, पहिल्या बाजूच्या लेबलवर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा, बारकोडच्या जागेचा जवळून फोटो काढा, किंमत अर्धी झाली तरी मी पूर्ण देतो. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर अजून आलेलं नाही.